दुप्पट झूम, काळे कोपरे : टेली कन्व्हर्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

गड्ड्याच्या जत्रेचे वेध लागले की सोलापुरात कपाटातले व्हिडिओ कॅमेरे बाहेर निघतात आणि ‘झूम कमी पडतो’ ही तक्रारही सोबत येते. या वेळच्या पत्रांत टेली कन्व्हर्टरबद्दलचे प्रश्न इतके होते की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. टेली कन्व्हर्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ लेन्सच्या तोंडावर आट्यांनी फिरवून बसवायचं जादा भिंग. मूळ लेन्स बदलता येत नाही अशा कॅमकॉर्डरसाठी ते असतं.

संमती कट्ट्यापासून साधारण ८० मीटरवर नातेवाइकांची गच्ची आहे. तिथून जत्रेतल्या अक्षता सोहळ्याचं शूटिंग करायचं आहे. कॅमेरा २० एक्स झूमचा आहे. लेन्सवर ३.६७–७३.४ मिमी, १:१.८–२.८ आणि ५८ असे आकडे आहेत. दीडपट कन्व्हर्टर घ्यावा की दुप्पट? दुकानदार म्हणतात, दुप्पटच न्या, किंमत तेवढीच पडते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

किंमत तेवढीच पडते, हीच शंकेची जागा आहे. पण आधी कन्व्हर्टर लागतो का ते बघू. त्यासाठी एक सोपं गणित आहे. अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या ‘३५ मिमीच्या हिशेबातल्या’ आकड्याने भागा. उत्तर येतं ते चौकटीत मावणाऱ्या दृश्याच्या रुंदीचं, मीटरमध्ये. हा ३५ मिमीचा आकडा लेन्सवर नसतो, माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर असतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांच्या लेन्ससाठी तो टेली टोकाला, म्हणजे पूर्ण झूमवर, ५७६ च्या आसपास येतो.

८० गुणिले ३६ भागिले ५७६, म्हणजे ५ मीटर. एवढी रुंदी आणि पावणेतीन-तीन मीटर उंची तुम्हाला कन्व्हर्टरशिवायच मिळते. यात चार-पाच माणसं डोक्यापासून पायापर्यंत बसतात. दीडपट लावला तर रुंदी ३.३ मीटर आणि उंची पावणेदोन-दोन मीटर होते, म्हणजे एक उभा माणूस पूर्ण चौकट भरतो. दुप्पट लावला तर रुंदी अडीच मीटर राहते आणि माणूस गुडघ्यापासून वर दिसतो. फक्त चेहरा आणि छाती हवी असेल तर या गच्चीवरून चार पट लागेल. त्यापेक्षा जवळची गच्ची शोधणं स्वस्त पडेल.

आमचं मत दीडपटकडे आहे आणि त्याचं कारण काचेच्या आकारात आहे. ७३.४ ला २.८ ने भागा, २६ येतात. टेली टोकाला तुमची लेन्स सुमारे २६ मिमी व्यासाच्या तोंडातून प्रकाश घेते. दीडपट कन्व्हर्टरची पुढची काच त्याच्या दीडपट, म्हणजे निदान ३९ मिमी हवी. दुप्पटची ५२ मिमी हवी, आणि कोपऱ्यांपर्यंत प्रकाश नीट पोचायला त्याहून थोडी जास्तच. दुकानात पट्टी घेऊन जा आणि पुढची काच मोजा. बाहेरची कडी मोजू नका, आतली काच मोजा. दुप्पट म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरची काच ४०–४५ मिमीच भरली तर तो टेलीला प्रकाश खाणार आणि कडाही मऊ (अस्पष्ट) करणार, वर सोनेरी अक्षरात ‘प्रोफेशनल एचडी’ कोरलेलं असलं तरी. कॅननने ५८ मिमी आट्यांच्या आपल्या कॅमकॉर्डरसाठी टीएल-एच५८ हा कन्व्हर्टर काढला तो दीडपटच. मोठ्या कंपन्यांचे कन्व्हर्टर बहुतेक १.४ ते १.७ पटीत थांबतात. त्यापुढे काच मोठी, जड आणि महाग होत जाते.

अक्षता सोहळ्यात आणखी एक अडचण आहे, पांढऱ्या बाराबंदीची. दुपारच्या उन्हात पांढऱ्या कापडाची कड सावलीतल्या गर्दीवर आली की साध्या काचेचा कन्व्हर्टर त्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर लावतो. सगळे रंग एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत म्हणून असं होतं. ईडी काचेचा (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचा) कन्व्हर्टर असेल तर झालर बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ४ वर ठेवलं की चित्र सावरतं. एफ ८ पर्यंत मात्र जाऊ नका, कॅमकॉर्डरचा सेन्सर लहान असतो आणि तिथे चित्र पुन्हा मऊ पडतं. ऊन जास्त वाटलं तर कॅमेऱ्यातला, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर चालू करा. एक्स्पोजर हाताने ठेवा आणि झेब्रा पट्ट्या (फार उजळ भागावर पडद्यावर उमटणाऱ्या तिरक्या रेघा) बाराबंदीवर येतील न येतील इतकं खाली आणा. ऑटोवर सोडलं तर गर्दीच्या गडद रंगांमुळे कॅमेरा पांढरं जाळून टाकतो.

ट्रायपॉडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ८६४ मिमीच्या (५७६ च्या दीडपट) बरोबरीच्या लेन्सला तो लागतोच. पायांची लांबी कमीत कमी ठेवा, मधला दांडा वर काढू नका आणि त्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवा. कन्व्हर्टरमुळे कॅमेरा पुढे झुकतो, म्हणून प्लेट मागेपुढे सरकवून तोल बसवा. हेड सैल सोडल्यावर कॅमेरा स्वतःहून पुढे डोकं टाकत नाही, तेव्हा तोल बसला असं समजा. स्लॅबवर कुणी चाललं तरी चित्र हलतं. पोरांना जिन्याकडच्या बाजूला बसवा.

रात्रीच्या शोभेच्या दारूकामाला मात्र कन्व्हर्टर काढून ठेवा. आतषबाजी आकाशभर पसरते, ती वाइडलाच, म्हणजे झूम पूर्ण मागे घेऊन बघायची. शिवाय जादा काचांमध्ये दिव्यांची परावर्तनं फिरतात आणि काळ्या आकाशावर ती लपत नाहीत.

ऑनलाइन दुप्पट कन्व्हर्टर मागवला. कॅमेऱ्याचे आटे ३७ मिमी, कन्व्हर्टरचेही ३७. लावल्यावर चित्र गोल दिसतं, चारही कोपरे काळे. पूर्ण झूम केल्यावर कोपरे उघडतात पण चित्र धुरकट येतं. लेन्स खराब आली का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. काळे कोपरे हा दोष नाही. वाइडला कॅमेरा इतका रुंद बघतो की त्याला कन्व्हर्टरच्या नळीची आतली बाजू दिसते. झूम वाढवत जा, कोपरे उघडले की थांबा आणि पडद्यावरची झूमची पट्टी कुठे आहे ते लक्षात ठेवा. तिथून टेली टोकापर्यंतचाच भाग कन्व्हर्टरसह वापरायचा. दुप्पट कन्व्हर्टरमध्ये निम्मा किंवा त्याहून जास्त झूम असा वाया जाणं नेहमीचंच आहे. समारंभात वाइड आणि टेली दोन्ही लागत असतील तर दर वेळी काढघाल करावी लागेल, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

धुरकट चित्र मात्र तपासायला हवं. मूळ लेन्सवर यूव्ही फिल्टर राहिला असेल तर तो आधी काढा. फिल्टरवर कन्व्हर्टर चढवला की काचांमध्ये परावर्तन होतं, आणि काही कन्व्हर्टरची मागची काच फिल्टरला टेकतेही. मग कन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांना बोटाचे ठसे आहेत का बघा. मागच्या काचेवरचा ठसा चटकन दिसत नाही.

एवढं करूनही धुरकटच असेल तर घरातली सोलापुरी चादर काढा. गच्चीवर सावलीत, दोरीवर आडवी ताणून टांगा, सुरकुती राहू देऊ नका. चादरीवरची नक्षी ठराविक अंतराने तीच तीच येते आणि तिच्या कडा सरळ, ठसठशीत असतात, म्हणून तिच्याइतका चांगला तपासणीचा तक्ता विकत मिळणार नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, चादरीच्या अगदी समोर, दहा-बारा मीटरवर ठेवा. कन्व्हर्टर न लावता पूर्ण टेलीला जा आणि चौकटीच्या रुंदीत नक्षीचे किती घर येतात ते मोजा. समजा १२ आले. आता झूमला हात न लावता कन्व्हर्टर बसवा, फोकस पुन्हा करा आणि मोजा. ६ आले तर कन्व्हर्टर खरोखर दुप्पट आहे. ८ आले तर तो दीडपट आहे आणि खोक्यावरचा आकडा खोटा आहे. हा प्रकार स्वस्त मालात सर्रास दिसतो.

आता मधल्या घराकडे आणि कोपऱ्यातल्या घराकडे बघा, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नाही तर टीव्हीला जोडून. मधलं घर स्वच्छ आणि कोपरे थोडे मऊ असतील तर चालवून घ्या. मधलं घरही धुरकट असेल तर मॅन्युअल फोकसने दोन्ही बाजूंना सावकाश फिरवून बघा. कुठेच स्वच्छ येत नसेल तर काच बिघडलेली किंवा तिरकी बसलेली आहे. डावी बाजू स्वच्छ आणि उजवी धुरकट असेल तर कन्व्हर्टर अर्धा फेरा उलटा सोडवून पुन्हा बघा. धुरकट बाजू कन्व्हर्टरबरोबर फिरली तर दोष त्याचा. जागची हलली नाही तर दोष कॅमेऱ्याचा, किंवा चादर तिरकी टांगली आहे.

परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका. परत करणार असाल तर परतीच्या पैशांत दुसरा घेताना ३७ मिमीचाच हट्ट धरू नका. कन्व्हर्टरचे मागचे आटे ५२ किंवा ५५ मिमी असले तरी ३७–५२ अशी स्टेप-अप रिंग लावून तो बसतो. रिंगवरचा पहिला आकडा कॅमेऱ्याचा आणि दुसरा कन्व्हर्टरचा. वजन मात्र बघा, छोट्या कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या आट्यांवर अर्धा किलोची काच लटकवणं बरं नाही.

आमचं शेत नान्नजच्या बाजूला आहे. सकाळ-संध्याकाळ काळविटांचे कळप येतात, साधारण ३०० मीटरवर. जवळ गेलं की पळतात. फोरके कॅमेरा आहे, टेलीला ६०० मिमी. १.७ पट कन्व्हर्टर घेतला तर चांगलं चित्र येईल का?
— एक शेतकरी वाचक

आधी हातातलंच वापरून बघा. ३०० मीटरवर ६०० मिमीला चौकट १८ मीटर रुंद असते. काळवीट अंगाने सव्वा मीटर लांब धरू. फुल एचडीत चौकटीच्या आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात, म्हणजे मीटरला १०७, काळविटाच्या वाट्याला सुमारे १३०. फोरकेमध्ये ३८४० ठिपके असल्याने तेच काळवीट २६५ ठिपक्यांचं होतं. तुम्हाला शेवटी फुल एचडीचीच फिल्म करायची असेल तर फोरकेमध्ये शूटिंग करून संकलनात मधला निम्मा भाग कापून घ्या. एक पैसा खर्च न करता खरा दुप्पट झूम मिळाला, आणि त्यात जांभळी झालर नाही की काळे कोपरेही नाहीत. कॅमेऱ्यातला डिजिटल झूम वेगळा. फुल एचडी चित्र ओढून मोठं करायचं असेल तर ते न केलेलंच बरं.

त्यावर १.७ पट चढवला तर काळवीट साडेचारशे ठिपक्यांचं होईल, कागदावर. प्रत्यक्षात मध्ये हवा आहे. तापलेल्या माळावरून गरम हवेचे पदर वर चढतात आणि प्रत्येक पदर प्रकाश थोडा थोडा वाकवतो. चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडे सकाळी नऊनंतर ३०० मीटरवरचं काहीही धड येत नाही, कन्व्हर्टर ती थरथर फक्त मोठी करून दाखवतो. सूर्योदयानंतरचा पहिला तास घ्या. कॅमेरा जमिनीलगत ठेवू नका. बांधावर किंवा माच्यावर चढून शूटिंग केलं तर नजर तापलेल्या थराच्या वरून जाते आणि फरक लगेच दिसतो.

हातात धरून शूटिंग करणार असाल तर हेही लक्षात घ्या. कॅमेऱ्यातला स्टॅबिलायझर हाताची थरथर मूळ लेन्सच्या हिशेबाने भरून काढतो. पुढे १.७ पट लावलंय हे त्याला कळत नाही, म्हणून थरथरीचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग तसाच उरतो. दुप्पट लावला तर निम्मा उरतो. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘कन्व्हर्जन लेन्स’ अशी नोंद असते, तिथे टेली निवडलं की हिशेब सुधारतो. ट्रायपॉडवर मात्र स्टॅबिलायझर बंदच ठेवा, नाहीतर कळपाबरोबर कॅमेरा वळवताना चित्र आधी अडतं आणि मग झटका देऊन पुढे जातं. रेकॉर्डचं बटण बोटाने दाबलं तरी पहिले दोन सेकंद हलतात. रिमोट वापरा, किंवा ते दोन सेकंद कापायचे हे धरून चाला.

या सगळ्यानंतरही कमी वाटलं तर घ्या. आमचा अंदाज, पहाटेची वेळ आणि माचा एवढ्यावर भागेल. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वन खात्याची परवानगी लागते, आणि कळपाच्या मागे दुचाकी घालून जवळ जाणं हा गुन्हा आहे, शेतातसुद्धा.

हुतात्मा स्मृती मंदिरातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात कन्व्हर्टर लावला तर चित्र काळवंडलं, दाणेही आले. फोकसही सारखा पुढे-मागे पळत होता. कन्व्हर्टर प्रकाश खातो का?
— एक पालक

पुढे लावायचा, पुरेशा मोठ्या काचेचा कन्व्हर्टर जवळपास प्रकाश खात नाही. खाल्ला तो तुमच्या मूळ लेन्सने. अनेक छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स वाइडला एफ १.८ असते आणि टेलीला एफ ४. या दोघांत दोन स्टॉपपेक्षा जास्त फरक आहे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे प्रकाश पाचपटीने कमी होतो. कन्व्हर्टर लावल्यावर कोपरे काळे पडतात म्हणून तुम्ही टेलीलाच राहिलात, कॅमेऱ्याने गेन (चित्र उजळ करणारी विजेची वाढ) वाढवला आणि दाणे आले. खात्री करायची तर कन्व्हर्टर काढून तेवढ्याच टेलीला बघा, तितकंच काळोखं दिसेल. उपाय एकच, पुढच्या रांगेतली खुर्ची. शटर १/५० वर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या दिव्यांची लुकलुकही त्यात दिसत नाही.

फोकसची दोन कारणं असू शकतात. काही कॅमेऱ्यांना लेन्सच्या बाजूला फोकससाठी वेगळा सेन्सर असतो. कॅननच्या मेनूत त्याला ‘इन्स्टंट एएफ’ म्हणतात. कन्व्हर्टर त्याच्यापुढे आडवा येतो. अशा वेळी मेनूत ‘नॉर्मल एएफ’ निवडा. दुसरं कारण, कन्व्हर्टरमुळे जवळचा फोकस दूर सरकतो, तोही पटीच्या वर्गाने. टेलीला एक मीटरपासून फोकस होणारा कॅमेरा दीडपटने सव्वादोन मीटरवर जातो आणि दुप्पटने चार मीटरवर. समोरच्या रांगेतलं डोकं त्या टप्प्यात आलं की कॅमेरा गोंधळतो. रंगमंचावर एकदा फोकस करून मॅन्युअलला टाका.

आषाढीला वाखरीच्या रिंगणात घोडा जवळून टिपायचा आहे. कन्व्हर्टर लावू का?
— एक वाचक, पंढरपूर

नको. पहिल्या पत्रातला कॅमेरा आणि दीडपट कन्व्हर्टर धरला तर ४० मीटरवरून ८६४ मिमीच्या बरोबरीला चौकट पावणेदोन मीटरपेक्षाही कमी रुंद राहते. त्यात उभा घोडासुद्धा मावत नाही, मग दौडणारा तर डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जाईल. मूळ लेन्सचा निम्मा झूम घ्या आणि घोड्याच्या पुढे मोकळी जागा ठेवून कॅमेरा फिरवा. शिवाय त्या धुळीत किंवा पावसात लेन्सची काढघाल करायची नसते.

मिररलेस कॅमेऱ्याला बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायचा २ एक्स मिळतो, तो जास्त चांगला असं ऐकलं. किटबरोबर आलेल्या झूमला लावता येईल का?
— एक विद्यार्थी

बहुतेक नाही. या कन्व्हर्टरची पुढची काच लेन्सच्या आत शिरते, आणि किट लेन्सची मागची काच तिला आडवी येते. जबरदस्ती केली तर दोन्ही काचांवर ओरखडा पडतो. तो ठरावीक लेन्सनाच चालतो, यादी कंपनीची बघा, दुकानदाराची नको. आणि तो प्रकाश खरंच खातो: १.४ एक्स एक स्टॉप, २ एक्स दोन स्टॉप. एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते.

स्टेप-अप रिंग कन्व्हर्टरला घट्ट बसली आहे, निघत नाही. पक्कडीने काढू का?
— एक वाचक, बार्शी

पक्कड अजिबात लावू नका. रिंग पातळ असते, दोन बाजूंनी दाबली की ती अंडाकृती होते आणि आणखी आवळते. बोटांनीही तेच होतं, म्हणून जितका जोर लावाल तितकी ती घट्ट होईल. रिंगभोवती रुंद रबरबँड गुंडाळा, हातात रबरी मोजा घाला आणि पूर्ण तळव्याने, सगळीकडून सारखा दाब देत डावीकडे फिरवा. तरीही हलली नाही तर कन्व्हर्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरेल. पुढच्या वेळी बसवताना रिंग आधी उलटी फिरवा, आट्यांचं टोक जुळलं की हाताला बारीकसा ‘टक’ जाणवतो, तिथून सुलटी फिरवा आणि टेकली की थांबा. आट्यांवर तेल घालू नका, सोलापूरच्या धुळीशी त्याचा लगदा होतो. वापरून मऊ झालेल्या ब्रशने आटे कोरडेच झाडा.